तू ज्याच्या खांद्याला हात लावलास

पत्र थोडक्यात असं :

‘ताई, मी चोवीस वर्षांची. सोलापुरात पूर्व भागात शाळेचे गणवेश शिवतात तिथं मशीनवर बसते. सव्वा वर्षापूर्वी दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम करून रात्री साडेनऊला निघाले. लाइट गेली होती. बंद पडलेल्या मागाच्या कारखान्याशेजारच्या बोळात एकानं मला आत ओढलं आणि अत्याचार केला. हातात ब्लेड होतं. तोंडाला रुमाल होता, तो मधे सुटला. रस्त्यावरून टेम्पो गेला तेवढ्या उजेडात चेहरा दिसला. चार दिवस मी घरात कुणाला बोलले नाही, कपडे धुऊन टाकले. तक्रार दिल्यावर आठवड्यानं पोलिसांनी मोबाइलवर एकाचा फोटो दाखवला, “नीट बघ, हाच ना?” मी म्हणाले, असेल. दीड महिन्यानं जेलमध्ये ओळख परेड झाली. सात जण ओळीत होते. बाकीच्यांच्या पायात काही ना काही होतं, तो अनवाणी होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, “शाब्बास, बरोबर ओळखलंस.” तेव्हापासून तो आतच आहे. यंदा गड्ड्याच्या जत्रेत, होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत मागून एक आवाज आला आणि माझे पाय गार पडले. वळून बघितलं तर वेगळाच माणूस. तो होता का, माहीत नाही. पण आता जेलमधला होता का, तेही माहीत नाही. पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे. भाऊ म्हणतो, “सेटलमेंटकडचा आहे तो, तोच असणार. आता मागं फिरलीस तर लोक म्हणतील पैसे खाल्ले.” त्याची आई मंडईत कडक भाकरी विकायला बसते. तिला भेटू का? साक्षीला जाऊ का? काय सांगू?’

पोरी,

तुझं नाव कळेल असं काहीही छापायला कायद्यानंच बंदी आहे, आणि ते मला पटतंही. म्हणून पत्रातल्या दोन-तीन खुणा मी बदलल्या आहेत. तू स्वतःला ओळखशील, बाकी कुणी नाही.

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले : ‘तो अनवाणी होता.’ तू ते जाता जाता लिहून गेलीस, जसं एखादीनं लिहावं की त्या दिवशी ऊन फार होतं. मी सोलापूरच्या कोर्टात सत्तावीस वर्षं वकिली केली आहे, मला ते वाक्य पुढं जाऊ देईना. सात जणांतले सहा बाहेरून आणलेले, आपापल्या चपला घालून आलेले. सातवा बराकीतून आलेला. आता मला सांग, तुझ्या डोळ्यांनी आधी काय पाहिलं असेल, चेहरा की पाय? आठवत नसेल तर नसू दे. ते तुला सांगता येणार नाही आणि त्यात तुझा दोष नाही.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून ठेवू. भाजी निवडताना आपण खडा बाजूला काढतो ना, तशी. तुझ्यावर अत्याचार झाला, ही एक गोष्ट. तो कुणी केला, ही दुसरी. दुसरीबद्दल शंका आली म्हणून पहिली तसूभरही खोटी होत नाही. घरातले, शेजारचे, उद्या बचाव पक्षाचा वकीलसुद्धा या दोन्ही गोष्टी एकात मिसळून तुझ्यापुढं ठेवतील. तू मिसळू नकोस. ‘माणूस चुकला असेल’ याचा अर्थ ‘बाई खोटं बोलली’ असा होत नाही. हे मी तुझं मन राखायला सांगत नाही, यावर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात बर्लिंग्टन नावाचं गाव आहे. 1984 च्या जुलैत तिथं जेनिफर थॉम्पसन नावाच्या बावीस वर्षांच्या कॉलेजच्या मुलीवर घरात घुसून एकानं बलात्कार केला. ती घाबरली होती, पण तिनं मनाशी ठरवलं की जगले तर याला सोडणार नाही, आणि त्याचा चेहरा निरखून बघत राहिली. तू एका टेम्पोच्या उजेडात बघितलंस, तिला त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळाला होता. पोलिसांनी सहा फोटो मांडले. तिनं बराच वेळ बघून रोनाल्ड कॉटनचा फोटो उचलला. मग माणसं ओळीत उभी केली, तिथंही तिनं कॉटनलाच निवडलं. फोटोंत आणि ओळीत दोन्हीकडं होता असा तो एकटाच होता, हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. पोलिसांनी तिला सांगितलं, फोटोत उचललास तोच हा. झालं, तिच्या मनात शंकेला जागाच उरली नाही. 1985 मध्ये कॉटनला जन्मठेप झाली.

पुढं जे झालं ते फार महत्त्वाचं आहे. तुरुंगात बॉबी पूल नावाचा एक कैदी होता, तो इतरांना सांगत असे की ते काम माझं आहे. 1987 मध्ये खटला पुन्हा चालला तेव्हा पूलला कोर्टात तिच्यासमोर आणलं. ज्यानं खरंच ते केलं होतं तो माणूस काही पावलांवर उभा, आणि ती शपथेवर म्हणाली, मी याला आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. खोटं बोलत नव्हती ती. तोपर्यंत तिच्या डोक्यातल्या त्या रात्रीलाच कॉटनचा चेहरा चिकटला होता. 1995 मध्ये डीएनए तपासणी झाली, नमुना पूलचा निघाला. कॉटन साडेदहा वर्षांनी सुटला. दोन वर्षांनी दोघं भेटली. तिनं माफी मागितली, त्यानं केली. पुढं दोघांनी मिळून, असं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून गावोगाव बोलायला सुरुवात केली. मला या गोष्टीत माफीपेक्षा दुसरंच खुपतं : कॉटनला पकडल्यावर पूल काही काळ मोकळाच होता, आणि त्या काळात त्यानं आणखी बायकांवर हात टाकला.

हे एखाददुसरं उदाहरण नाही. अमेरिकेत डीएनएमुळं निर्दोष ठरून सुटलेल्या 375 जणांची प्रकरणं तिथल्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’ या संस्थेनं तपासली, तर त्यातल्या साधारण 69 टक्क्यांत कुणीतरी डोळ्यांनी केलेली चुकीची ओळख होती. बहुतेकांनी ती मनापासून केलेली.

आता तुझ्या मोबाइलवरच्या फोटोकडं येते. आठवण म्हणजे काही पेटीत घडी घालून ठेवलेली चादर नव्हे, की बारा महिन्यांनी काढली तरी नक्षी तीच. ती आपण दर वेळी नव्यानं विणतो, आणि विणताना हाताशी असेल ते सूत वापरतो. तुझ्या हाताशी काय होतं? ब्लेड, अंधार, आणि क्षणभराचा उजेड. हत्यार समोर असलं की माणसाची नजर हत्यारावर खिळते, चेहरा कमी टिपला जातो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि मग आठवड्यानं एकच फोटो. सहा नव्हे, एक. लखलखीत, मोबाइलच्या उजेडात, पाहिजे तितका वेळ. त्या रात्रीच्या धूसर चेहऱ्यावर हा स्पष्ट चेहरा बसला असेल तर नवल नाही. दीड महिन्यानं जेलमध्ये तुला तो ओळखीचा वाटला. वाटणारच. प्रश्न एवढाच की ओळखीचा कुठून, बोळातून की मोबाइलमधून? मनाला ओळखीचं वाटलेलं कळतं, ते कुठून आलं ते कळत नाही.

आणि ती शाब्बासकी. 1998 साली अमेरिकेत वेल्स आणि ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. लोकांना गुन्ह्याचं चित्रण दाखवलं, मग फोटोंतून माणूस ओळखायला सांगितला. खरा माणूस त्या फोटोंत नव्हताच. सगळ्यांनी चुकीचाच उचलला. त्यातल्या काहींना नुसतं म्हटलं, ‘छान, बरोबर ओळखलंत.’ तेवढ्यानं ते लोक नंतर सांगू लागले की आम्हाला तेव्हाच पक्की खात्री होती, चेहरा अगदी स्पष्ट दिसला होता. तू साहेबांना पहिल्यांदा ‘असेल’ म्हणाली होतीस. परेडीनंतरच्या जबाबात काय लिहिलंय ते बघ. माझा अंदाज आहे, ‘असेल’ तिथं नसेल.

आपल्याकडं ओळख परेडीचे नियम नाहीत असं नाही. मुंबई हायकोर्टाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये सगळं लिहिलेलं आहे : एक संशयित असेल तर निदान अर्धा डझन माणसं, शक्य तितकी त्याच्यासारखी दिसणारी, त्यानं ओळीत कुठं उभं राहायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं, परेड घेणार तहसीलदार-नायब तहसीलदारासारखा दंडाधिकारी, सोबत दोन पंच, पोलीस तिथं नसायचे. आणि परेडीआधी साक्षीदाराला फोटो दाखवला असेल तर त्या परेडीत काही राम उरत नाही, हे आपल्या कोर्टांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. चपलांचा नियम मात्र मी कुठं वाचलेला नाही. तो अकलेचा भाग आहे.

पण यापेक्षाही एक गोष्ट तुला कळायला हवी, कारण पुढच्या महिन्यात ती तुझ्यावर येणार आहे. कायद्याच्या दृष्टीनं ओळख परेड हा नुसता टेकू. खरा पुरावा म्हणजे साक्षीदारानं कोर्टात उभं राहून आरोपीकडं दाखवलेलं बोट. 2003 मध्ये मलखानसिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परेड झालीच नसली, तरी अत्याचार झालेल्या बाईनं आरोपीला बघायला पुरेसा वेळ मिळाला असेल आणि तिची साक्ष विश्वासार्ह असेल, तर कोर्टातल्या ओळखीवर शिक्षा होऊ शकते. तो निकाल बायकांच्या बाजूनं मोलाचा आहे, मी त्याच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण म्हणूनच तुझ्या बोटाला वजन आहे. आणि कोर्टातली ओळख म्हणजे कशी असते, तर पिंजऱ्यात एकच माणूस, शेजारी हवालदार. चुकणार कोण?

एकदा एक बाई चुकली होती. चोरीची केस, आरोपी जामिनावर, म्हणून पिंजऱ्याऐवजी मागच्या बाकावर धाकट्या भावाशेजारी बसलेला. सरकारी वकिलांनी विचारलं, मावशी, चोर कोण दाखवा. मावशींनी ठामपणे भावाकडं बोट केलं. सगळं कोर्ट हसलं. मीही हसले, आरोपीची वकील होते ना. घरी येऊन भाकरी थापताना मात्र हात थांबला. त्या दिवशी तो पिंजऱ्यात असता, तर मावशींनी तितक्याच ठामपणे बरोबर माणूस दाखवला असता, आणि आम्ही सगळ्यांनी त्याला ओळख म्हटलं असतं.

तुझ्या भावाचं वाक्य मला टोचलं. ‘सेटलमेंटकडचा आहे, तोच असणार.’ सोलापूरच्या माणसानं तरी असं बोलू नये. इंग्रजांनी 1871 मध्ये कायदा करून काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, आणि आपल्याच गावात तारेच्या कुंपणात त्यांना हजेरीला उभं केलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, कुंपणही गेलं, वस्तीला ‘सेटलमेंट’ हे नाव तेवढं राहिलं. डोक्यातलं कुंपण मात्र तुझ्या भावाच्या डोक्यात अजून आहे, आणि एकट्या त्याच्याच नाही. गुन्हा झाला की पहिला फोटो कुणाचा निघतो? आधीच ज्याच्याकडं बोट आहे त्याचा.

आपल्याच राज्यात 2003 साली एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला, बलात्कार झाले, खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना पकडलं. खालच्या कोर्टानं फाशी दिली, हायकोर्टानं तिघांची जन्मठेप केली, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. मग 5 मार्च 2019 ला त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. का? हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं दवाखान्यात, घटनेनंतर दोनच दिवसांत, पोलिसांच्या अल्बममधल्या चार फोटोंवर ‘हेच ते’ म्हणून बोट ठेवलं होतं. ते चौघं वेगळेच होते. त्यांच्यामागं कुणी गेलंच नाही. सहा जणांना पाच-पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांवर कारवाईचा आदेश झाला. सोळा वर्षं गेली होती. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

इतकं सांगितलं म्हणून असं समजू नकोस की तुझा माणूस निर्दोष आहे असं मी म्हणते. मला माहीत नाही. तो खरा असूही शकतो. शंकासुद्धा चुकू शकते. सव्वा वर्ष त्याच्या आईला मंडईत बघून कुणाचंही मन हलेल. म्हणूनच गड्ड्यातल्या त्या आवाजामागंही धावू नकोस. त्याचा फोटो काढणं, भावाला दाखवणं, ‘हाच तो’ म्हणून ग्रुपवर टाकणं, यातलं काहीही नाही. एकदा जे झालं तेच दुसऱ्या माणसाच्या बाबतीत होईल.

मग करायचं काय? आज रात्री जेवणं झाली की वही घे आणि कुणाशी न बोलता लिही. बोळात प्रत्यक्ष काय दिसलं, काय ऐकलं, कसला वास आला, उंची, हात, बोली. मग वेगळ्या पानावर, फोटो बघितल्यावर काय वाटलं, परेडीत हात कुणाकडं आणि का गेला, साहेब काय म्हणाले. दोन्ही पानं एकात करू नकोस. जे आठवत नाही तिथं ‘आठवत नाही’ लिही. खाली तारीख टाक.

मग ती वही घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. बाईमाणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. वकील बाई मागून घे. तिला आधी सगळं सांग, कारण तू दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबाब दिला असशील, आणि त्यात ‘हाच तो’ असेल तर आता वेगळं बोलण्याआधी कुणीतरी जाणत्यानं ते वाचलेलं बरं. खोट्या साक्षीची भीती तुला असणार, पत्रात तू लिहिली नाहीस तरी. कायदा जाणूनबुजून खोटं बोलणाऱ्याला पकडतो. कायद्याच्या पुस्तकातच उदाहरण आहे : अक्षर माहितीचं वाटतं म्हणून कुणी प्रामाणिकपणे ‘ही सही त्याची आहे असं मला वाटतं’ म्हणाला आणि सही दुसऱ्याची निघाली, तर ती खोटी साक्ष नाही. तेव्हा तुला तसं वाटलं होतं, आता वाटत नाही, आणि का वाटत नाही तेही तू सांगू शकतेस.

वकील बाईबरोबर सरकारी वकिलांना भेट. साक्षीच्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात नाही, आधी. ते आधी चिडतील. केस पडेल म्हणतील, ‘फितूर’ हा शब्दही निघेल. निघू दे. त्यांचं काम शिक्षा मिळवणं नव्हे, खरं कोर्टापुढं ठेवणं आहे, आणि चांगल्या सरकारी वकिलाला ते माहीत असतं. त्यांना विचार की जप्त केलेलं काही, बोळातली माती, तुझी ओढणी, लॅबला गेलं होतं का. जेलमधल्या त्या मुलाचा मोबाइल त्या रात्री कुठं होता ते काढलं का. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं काय झालं. चार्जशीट झाली तरी पुढचा तपास करता येतो. खटला सुरू असेल तर कोर्टाची परवानगी लागते, एवढंच. यातलं काही त्याच्यावर येऊन थांबलं, तर सगळा भार तुझ्या एका बोटावर राहणार नाही. नाही थांबलं, तर तेही कळेल.

साक्षीला जायचं. न जाणं हा उपाय नाही, समन्स पुन्हा येईल, आणि ‘पैसे खाल्ले’ हे तर लोक न गेल्यावरच म्हणतील. अशा खटल्याची सुनावणी बंद दारामागं होते, बघ्यांना आत घेत नाहीत. घडलं ते सगळं सांग, जसंच्या तसं, एक शब्द गिळू नकोस. मग विचारतील, आरोपी हजर आहे का. तेव्हा सांग : परेडीत मी याला दाखवलं होतं, त्याआधी मला याचा फोटो दाखवला होता, आज मला खात्री नाही. तीन वाक्यं. त्यापुढं सरकारी वकीलच तुला उलट प्रश्न विचारायची परवानगी मागतील, आवाज चढवतील. घाबरू नकोस. फितूर ठरवलेल्या साक्षीदाराचं सगळं बोलणं रद्दी होत नाही. त्यातलं खरं ते कोर्ट घेतं. तुझ्यावर अत्याचार झाला, हे त्या कागदावर राहील.

भावाला हे सगळं एका दमात सांगू नकोस. आधी आईला सांग, आणि जमलं तर वकील बाईला घरी बोलव. बाहेरच्या माणसासमोर भाऊ जरा बेतानं बोलतात, माझा अनुभव आहे.

त्याच्या आईला आत्ता भेटू नकोस. तुझी इच्छा मला कळते. पण साक्षीआधी तू तिच्या टोपलीशी दोन मिनिटं उभी राहिलीस, तर ते कुणीतरी बघणार, आणि तुझ्या खऱ्या बोलण्याला किंमत लागली असं म्हणायला तेवढं पुरतं. निकाल लागेपर्यंत भाकरी दुसरीकडून घे.